सात नंबरमधला माणूस

आमच्या तुकडीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते मी विद्वान आहे म्हणून नव्हे, बाकीचे मेले म्हणून. जे तिघे उरलेत त्यांतल्या एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला आठवत नाही आणि तिसऱ्याला जे आठवतं ते कधी घडलेलंच नसतं. मी लढाऊ विमानांचा मेकॅनिक. युद्ध संपल्यावर इथल्याच बस डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडली. हाताला ग्रीसची सवय आहे, पेनाची नाही. पण नगरपालिकेतला चष्मेवाला बाबू घरी आला आणि म्हणाला, "काका, धावपट्टी उखडून तिथे घरं बांधणार आहेत. त्याआधी एक पुस्तिका काढू या. तुम्ही नाही लिहिलंत तर कोण लिहिणार?" वासरांत लंगडी गाय शहाणी. मी हो म्हणालो.

पहिली चाळीस पानं भराभर झाली. पानगळीच्या दिवसांत बारा विमानं या माळावर उतरली तेव्हा इथे गुरं चरत होती. हँगर म्हणजे एक पत्र्याची शेड, तिच्यात दोनच विमानं मावायची. बाकीची दहा ताडपत्री पांघरून उघड्यावर. वैमानिकांना लाकडी खोल्या, आम्हाला तंबू. खानसाम्याच्या कुत्र्याला शत्रूची विमानं आमच्या रेडिओच्या आधी ऐकू यायची, म्हणून तुकडीच्या साहेबांनी त्याला रोजचं मांस मंजूर केलं आणि खानसामा त्यातलं अर्धं स्वतः खायचा, हेसुद्धा लिहिलं. चौदा महिन्यांत एकसष्ट वैमानिक आले. त्यातले चौतीस गेले. त्यांची नावं लिहितानाही हात थांबला नाही.

तो थांबला एक्केचाळिसाव्या पानावर. कारण पुढचं पान एका सकाळचं होतं, आणि तिच्याबद्दल सरकारी दप्तरात जे लिहिलंय ते खोटं आहे. ते खोटं माझ्याच अक्षरात आहे.

आमच्याकडे दोन पद्धती होत्या. एक म्हणजे विमान ज्याचं, त्याचं नाव वैमानिकाच्या बैठकीखाली डाव्या अंगाला पांढऱ्या रंगात लिहायचं. दुसरी वहीची. प्रत्येक विमानाची एक वही असायची आणि नेणारा वैमानिक तिच्यात सही करायचा. पण धोक्याचा भोंगा वाजला की सहीला कुणाला वेळ! तेव्हा आधी उड्डाण, सही परत आल्यावर. आणि नाहीच आला परत, तर सहीच्या चौकटीत मेकॅनिकनं लिहायचं की विमान कोण घेऊन गेला, आणि खाली स्वतःची सही करायची.

माझ्याकडे सात नंबर. त्याचे वैमानिक आधी शाळेत शिक्षक होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शिस्तीचा माणूस. घड्याळ त्यांच्याकडे बघून लावावं. लग्नाला पाच महिने झालेले. शेजारचं अकरा नंबर उशिऱ्याचं. हे नाव त्याला का पडलं ते सांगायला नको. वय बावीस, माझ्याएवढाच. खोलीबाहेरून कितीही हाका मारा, आतून एकच उत्तर यायचं, "आलोच!" आणि मग तो दहा मिनिटांनी एका हातात बूट घेऊन बाहेर यायचा. गळ्यात घालायचा ओळखीचा बिल्लासुद्धा दिवसाआड खोलीतल्या खिळ्यावर राहायचा. त्याच्यावर चिडायचं ठरवूनही चिडता येत नसे.

आदल्या संध्याकाळी मी पत्ते खेळत बसलो होतो. अकरा नंबरचा मेकॅनिक, ज्याला आम्ही दाढी म्हणायचो, तो दोनदा म्हणाला, "अरे, तुझा बॅटरीचा गाडा चार्जिंगला लाव." त्या गाड्यातल्या बॅटरीवरच इंजिन चालू व्हायचं. मी म्हणालो, हा डाव संपू दे. डाव संपला, मी जिंकलो आणि गाडा तसाच राहिला. चूक ती एवढीच. आयुष्यात मी इंजिनाच्या पोटात पाना विसरलो नाही, एक नट ढिला सोडला नाही, आणि विसरलो ते हे.

सकाळी सातला भोंगा झाला. मास्तर सर्वांत आधी धावत आले, सात नंबरमध्ये बसले. मी बटण दाबलं. पंखा एकदा हलला आणि गप्प. पुन्हा दाबलं. काही नाही. शेजारी दाढीनं अकरा नंबर चालू करून ठेवलं होतं, पण उशिऱ्याचा पत्ता नव्हता. साहेबांची सक्त ताकीद होती की परवानगीशिवाय विमानं बदलायची नाहीत. मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या चालू पंख्याकडे. मग खाली उडी मारली, माझा खांदा धरून कानाशी काही बोलले आणि धावत जाऊन अकरा नंबरमध्ये बसले. ते काय बोलले हे मी एक्केचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

अकरा नंबर उडालं. दाढी माझ्या मदतीला धावला, आम्ही दोघांनी हँडल मारून मारून सात नंबर चालू केलं, तोवर उशिऱ्या पोचला. बुटाची नाडी सुटलेली, गळा मोकळा. म्हणाला, "माझं कुठाय?" मी सात नंबरकडे बोट दाखवलं. तो हसत चढला. पट्टे मीच आवळले. मी म्हटलं, सांभाळून जा रे. "आलोच," तो म्हणाला.

त्या महिन्यात आमचे रेडिओ धड चालत नव्हते, वर सगळे एकमेकांना शेपटीवरच्या नंबरानंच ओळखायचे. अकरा नंबर समुद्रात पडताना दोघांनी पाहिलं. सात नंबर परत आलं. म्हणजे जवळजवळ आलं. धावपट्टीच्या अलीकडे कुंपणाला चाकं घासली आणि आमच्या डोळ्यांदेखत पेटलं. बैठकीखालचा पत्रा तेवढा उडून बाजूला पडला होता आणि त्याच्यावर मास्तरांचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. आत जे होतं त्यावरून कोण ते सांगता आलं नसतं.

साहेब आले. काळवंडलेले होते. त्यांनी पत्रा बघितला आणि मला विचारलं, "मास्तरच ना?"

मी म्हणालो, "हो."

एक अक्षर. नाही म्हटलं असतं तर विमान का बदललं हे आलं असतं, आणि त्याच्या मागोमाग गाडा. मी वहीच्या चौकटीत मास्तरांचं नाव लिहिलं, सही केली. अकरा नंबरच्या वहीत दाढीला उशिऱ्याचं नाव लिहावं लागलं, माझ्यासाठी. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या संध्याकाळी म्हणाला, "उद्या तू सांगतोस, नाहीतर मी सांगतो." त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेडवर बाँब पडला आणि दाढी गेला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडलो. आणि रडता रडता मनात आलं, सुंठीवाचून खोकला गेला. हे मनात आलं, खरंच आलं. मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. लोकांना वाटलं दुःखानं मारतोय.

मास्तरांची बायको पाचव्या दिवशी आली. तेवीस वर्षांची. तोवर धावपट्टीच्या कडेला पुरून झालं होतं. तिनं माझं मनगट धरलं आणि विचारलं, "तुम्हीच बसवलंत ना त्यांना? शेवटचं काय बोलले?"

मला खोटं रचता येईना. सात नंबरमध्ये बसलेला माणूस जे बोलला होता तेच तोंडातून निघालं. "आलोच, म्हणाले."

"ते कधी असं म्हणत नसत," ती म्हणाली. मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखी म्हणाली, "माझ्यासाठी म्हणाले असतील."

तिनं दगड बसवून घेतला. त्यांचं नाव, दोन तारखा आणि खाली एकच शब्द: आलोच. माहेरी परत गेली नाही. याच गावात दोन खोल्या घेऊन शाळेचे गणवेश शिवायला लागली. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भाऊजी. तिचं शिवणयंत्र मी दुरुस्त करायचो, गळका नळ मी बघायचो. माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारपणात वहिनीच उशाशी होती. दर रविवारी सकाळी दहाच्या बसनं ती माळावर जायची, हातात पाण्याची झारी, थडग्याच्या कडेला लावलेल्या झाडांसाठी. मीही जायचो. लोक म्हणायचे, मेकॅनिक असावा तर असा. मी मान खाली घालायचो आणि त्यांना तो विनय वाटायचा.

आणि उशिऱ्याची बहीण. ती दूर, बसनं दिवसभराच्या वाटेवर. भाऊ सरकारदरबारी बेपत्ता. आईबाप त्याची वाट बघत गेले, मग ही एकटी बघत राहिली. तिचं दर वर्षी मला पत्र यायचं. "दादा, समुद्रात काही सापडलं का? तुमच्या ओळखीचं कुणी भेटलं का?" आणि शेवटी न चुकता एक ओळ, "तसा तो नेहमी उशिराच यायचा." एक्केचाळीस पत्रं. मी प्रत्येकाला उत्तर दिलं की अजून काही कळलेलं नाही. माझ्यासारखा नीच माणूस तुम्ही बघितला नसेल.

तर इतिहास एक्केचाळिसाव्या पानावर अडला आणि त्याच आठवड्यात बाबू एक फॉर्म घेऊन वहिनीकडे गेला. माळावरची अकरा थडगी हलवायची होती. जवळच्या नातेवाइकानं सही करून अवशेष न्यायचे, नाहीतर ते गावच्या दफनभूमीत एका कोपऱ्यात जातील. वहिनीनं सही केली. मला बोलावून कागद दाखवला. तिनं गावच्या दफनभूमीत झाडाखालची जागा मिळवली होती, आणि तिच्या शेजारची.

"ही त्यांना, ही मला," ती म्हणाली. "पाच महिन्यांचा संसार झाला, भाऊजी. आता पुढचा करू."

मी घरी गेलो. जेवलो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. पण आता माझ्या मुठीत दोन बायकांचे गळे होते. गप्प राहिलो तर वहिनी परक्या पोराच्या शेजारी कायमची झोपेल आणि दूर ती दुसरी दाराकडे बघत मरेल. बोललो तर एकीला भाऊ मिळेल आणि दुसरीचा नवरा दुसऱ्यांदा जाईल, आणि यावेळी तो मीच नेलेला असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. ती बाही जोडत होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. गाडा, पत्ते, पंखा, चौकट, हो. मास्तर कानाशी काही बोलले हेही सांगितलं, काय ते नाही. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. यंत्र चालूच होतं. माझं संपल्यावरही तिनं ती शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, मग पाय थांबवला.

"म्हणजे मी इतके रविवार कुणाला पाणी घातलं?"

"उशिऱ्याला."

"आणि हे?"

"समुद्रात, वहिनी."

तिनं बाही उलटी करून बघितली. शिवण वाकडी गेली होती. "त्यांची डावी मांडी मोडलेली होती," ती म्हणाली. "लहानपणी, झाडावरून पडून. थंडीत दुखायची म्हणायचे. उघडतील तेव्हा मी डॉक्टरला बघायला सांगणार आहे. तुम्ही म्हातारे झालात, तुमचं डोकं फिरलंय. असंच असेल."

"असंच असू दे," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

"आणि नसेल तर?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "एक्केचाळीस वर्षांनी आलात सांगायला! बैल गेला आणि झोपा केला. जा तुम्ही. आधी जा इथून."

मी बाबूला लेखी दिलं. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. बहिणीला पत्र लिहिलं, चार पानांचं. तिचं उत्तर आलं त्यात एकच शब्द होता, "येते." ती नेहमीची शेवटची ओळ नव्हती.

थडगं उघडायचा दिवस कोरडा, वाऱ्याचा होता. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला यंत्रं काँक्रीट फोडत होती, त्यांना बाबूनं तासभर थांबवलं. वहिनी एका बाजूला उभी, बहीण दुसऱ्या. बहिणीचे केस पूर्ण पांढरे, उंची उशिऱ्याचीच. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दगड बाजूला काढून गवतावर आडवा ठेवला होता. कामगारांनी माती काढली, पेटी वर घेतली, कनात लावली आणि डॉक्टर आत गेला.

तो बाहेर आला तेव्हा वहिनी चार पावलं पुढे गेली. "डावी मांडी बघितलीत?"

"बघितली, बाई."

"मोडलेली आहे ना? जुनी?"

डॉक्टर तरुण होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, जणू मी त्याला काही मदत करणार होतो. "नाही," तो म्हणाला. "दोन्ही पाय धड आहेत. कधीच काही झालेलं नाही."

वहिनीनं मान हलवली. दुकानात माप जमत नाही म्हटल्यावर हलवावी तशी. मग ती खाली बसली, मातीच्या ढिगाऱ्यावरच, आणि पदराचा बोळा तोंडाशी धरला. मला जवळ जायचं धैर्य झालं नाही.

बहीण गवतावरच्या दगडापाशी गेली होती. वाकून वाचत होती. वरचं नाव परकं होतं, त्यावरून तिची नजर खाली सरकली आणि ती तिथेच गुडघ्यांवर बसली. तिनं तो शब्द बोटांनी चाचपला.

"हे कुणी लिहिलं?" तिनं विचारलं. "हे त्याचं आहे. घरात हाक मारली की आतून हेच यायचं. हे कुणी लिहिलं?"

"मी," वहिनी म्हणाली.

बहीण उठली, तिच्याकडे गेली. मला वाटलं, काही बोलेल. ती नुसती शेजारी मातीत बसली. वहिनी तिला म्हणाली, "एकही रविवार चुकवला नाही गं. मी आजारी होते तेव्हा भाऊजींना पाठवलं. झाडं आहेत कडेला, त्यांची मुळं नीट काढायला सांग, नाहीतर धरणार नाहीत."

"तुम्ही होतात त्याच्याजवळ," बहीण म्हणाली. "मला वाटायचं, तो एकटाच आहे कुठेतरी."

मग तिनं पिशवीतून एक रुमाल काढला. त्यात बिल्ला होता, खिळ्यावर राहिलेला. सामानाबरोबर घरी आला होता. पेटी बंद करायच्या आधी तिनं तो आत ठेवला. "घालायला विसरला होता," ती डॉक्टरला म्हणाली, जणू भावाच्या वतीनं माफी मागत होती. माझ्याकडे येऊन तिनं हात जोडले नाहीत की शिव्याही दिल्या नाहीत. "दादा, तुम्ही फार उशीर केलात," एवढंच म्हणाली. तो शब्द माझ्यासाठी वापरलेला ऐकून मी तिथे उभा कसा राहिलो कोण जाणे.

दगडाचं काय करायचं, हे बाबूनं दबकत विचारलं. वहिनीनं बहिणीकडे बघितलं. "तू ने. वरचं नाव खरवडून काढ. शब्द तुझाच आहे."

पेटी, दगड, झाडं आणि बहिणीला घेऊन गाडी गेली. यंत्रं पुन्हा सुरू झाली. बाबू फायली घेऊन निघाला. खड्ड्यापाशी वहिनी आणि मी उरलो. झारी तिच्या हातात होती, सवयीनं भरून आणलेली.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "तुमच्या कानाशी काय बोलले?"

मी सांगितलं. "म्हणाले, घाबरू नकोस. तुझ्यावर येऊ देणार नाही. मी आल्यावर साहेबांना सांगतो की मीच बदललं. तोवर तू गप्प राहा."

वहिनीचा चेहरा एकदम सुटला आणि मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज करून रडताना ऐकलं.

"हे त्यांचं," ती म्हणत होती. "हे त्यांचं बोलणं. अगदी असंच बोलायचे. पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी तेव्हाच ओळखलं असतं, भाऊजी. दुसऱ्याचा शब्द उशाशी घेऊन झोपले मी. हे माझं होतं, आणि ते तुम्ही ठेवून घेतलंत."

"ते आले नाहीत म्हणून मी..."

"ते येणार नव्हतेच," ती म्हणाली. "तुम्हाला ते माहीत होतं. मला मात्र तुम्ही 'आलोच' सांगितलंत."

तिनं डोळे पुसले, झारी उचलली, इकडेतिकडे बघितलं. झाडं मुळासकट गेली होती. पाणी घालावं असं तिथे काही नव्हतं. तिनं झारी तशीच धरून ठेवली आणि मला विचारलं, रागानं नव्हे, खरोखर विचारलं, "आता रविवारी मी कुठे जायचं?"